नावेतून आलेलं स्थळ

नावेत बसलेला माणूस कशासाठी आलाय, हे मच्छिंद्रला त्याच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. गळ्यात कॅमेरा अडकवलेले विचारतात, पक्षी कुठं बसलेत. नगरहून, सावेडीकडून आलेली पोरंटोरं विचारतात, नाव उलटली तर काय करायचं. वयस्कर माणसं विचारतात, धरणात गेलेलं गाव नेमकं कुठं होतं. ज्याला त्याला तो ज्याचं त्याचं उत्तर देतो, सांगून सांगून ती उत्तरं आता ताकासारखी पातळ झालीत. पण त्या रविवारी प्रवरासंगमच्या घाटावर नावेत चढलेल्या बाईनं लाईफ जॅकेटचा पट्टा आवळता आवळता विचारलं, "इकडच्या बायांना प्यायचं पाणी कुठून आणावं लागतं हो, दादा?"

आता हा काय फिरायला आलेल्या माणसाचा प्रश्न झाला?

"नळ हाय ताई. एक दिवसाआड येतो. न्हाईच आला तर मंग गंगंवरनं आनायचं," मच्छिंद्र म्हणाला. इकडं गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस परगावचा समजावा. काठच्यांची ती गंगाच.

उत्तर देता देता त्यानं नीट पाहून घेतलं. तिघं होती. बाईचं नाव पुष्पावती, पन्नाशीच्या घरातली, पदर कमरेला घट्ट खोचलेला. तिचा नवरा आसाराम, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, बोलण्याआधी खाकरायची सवय. आणि त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी, डोक्याला ओढणी गुंडाळून नावेच्या पुढच्या टोकाला बसलेली. तिच्या हातात मोबाईल होता, पण तो तिनं एकदाही उघडला नव्हता.

"आम्ही देवळाली प्रवऱ्याचे," आसाराम खाकरून म्हणाला. "म्हटलं, उसाच्या राड्यातनं एक दिवस मोकळा काढावा. नदी बघावी, काठची गावं बघावीत. तुम्ही न्याल तिकडं येऊ."

देवळाली प्रवरा म्हटल्यावर मच्छिंद्रच्या डोक्यात काहीतरी हललं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं इंजिनाची दोरी ओढली आणि नाव घाटापासून सोडवली.

मच्छिंद्र काही जन्माचा नावाडी नाही. शेतकऱ्याचं पोर. जायकवाडीचं धरण भरलं तेव्हा तो चड्डी सावरत फिरायच्या वयाचा होता. जुनं चिंचखेड पाण्यात गेलं, नवं चिंचखेड वर माळावर बसलं. काळी जमीन गेली आणि माळावरची अडीच एकर मुरमाड हातात पडली. आता माणूस मुरमात काय डोकं आपटणार? पण गंगा घेते तशी थोडं देतेही. हिवाळा लागला की धरणाचं पाणी मागं हटतं आणि तळाचा गाळ उघडा पडतो. त्या गाळात काठची माणसं गहू, हरभरा, कांदा करतात. गाळपेर म्हणतात त्याला. मच्छिंद्रच्या वाट्याच्या गाळाला तिन्ही अंगांनी पाणी, म्हणून त्यानं नाव घेतली. मग दूरदेशीचे पक्षी बघायला माणसं यायला लागली, त्यांना फिरवता फिरवता तो नाववाला झाला. नावेनं त्याचं घर सावरलं, यात शंका नाही.

एक गोष्ट मात्र नावेच्याही हातातली नव्हती. मच्छिंद्रचा एकुलता एक रविराज तिशी ओलांडून गेला तरी घोड्यावर बसला नव्हता. पोरगा सरळ, कष्टाचा, तोंडाला सुपारीचं खांडसुद्धा नाही. पण हल्लीच्या मुलीवाल्यांची एकच तऱ्हा: शेती पाहिजे, शेतकरी नको. त्यात मच्छिंद्रची बायको मागं आजारात गेली. घरात दोन गडी आणि मच्छिंद्रची म्हातारी आई बनुबाई. सासूचा जाच नाही म्हणून खूश होणारे लोक घरात मधली बाई नाही म्हणून लगेच नाकही मुरडायचे. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. मच्छिंद्रनं घर बांधून पाहिलं, पुढं गाडा रुतला तो रुतलाच. किती पाहुणे आले, पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणून गेले. कळवतो म्हणणारा कधी कळवत नसतो, हे आता त्या घराला पाठ झालं होतं. संध्याकाळी ओट्यावर एकटा बसून पायाचा गाळ खरवडणारा पोरगा दिसला की मच्छिंद्र नजर दुसरीकडं वळवायचा. आपल्यामागं याला जेवलास का म्हणून विचारणारं कोण, हा एकच घोर त्याच्या जिवाला लागला होता.

आणि तेवढ्यात त्याला आठवलं. घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणारा बजरंग, जो बैलांच्या जोड्या जुळवता जुळवता माणसांच्याही जुळवायचा, दिवाळीनंतर एकदा म्हणाला होता, "देवळालीचं एक स्थळ हाय. पोरगी शिकलेली, औषधाच्या दुकानात कामाला. बाप ऊसवाला. कानावर घालून ठिवलंय." पुढं बजरंग त्यावर बोलला नाही आणि मच्छिंद्रनंही विचारलं नाही. मागं लागलेल्या बापाचा भाव पडतो.

मच्छिंद्रनं चोरून पुढं पाहिलं. पुष्पावती काठाकडं टक लावून बसली होती. पाणकावळे, बगळे, रोहित, कशाकडं तिचं लक्ष नव्हतं. ती काठावर धुणं आपटणाऱ्या बाया बघत होती, वर गेलेल्या वाटा बघत होती, कुठल्या घरापुढं गाडी जाईल आणि कुठल्या नाही ते बघत होती. मच्छिंद्रच्या मनात लख्ख झालं. ही माणसं नदी बघायला आलेली नाहीत. ही चौकशीला आलीत, आणि ज्याची चौकशी करायची त्याच्याच नावेत बसलीत. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. यांनी शीत आधी पकडलं होतं.

त्यानं काय केलं असेल? काही नाही. त्यांनी सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. अळीमिळी गुपचिळी. फक्त त्यानं गळ्यातला मळका गमछा हळूच काढून बाकाखाली सारला.

टोका गावात काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे, तिथं पहिला थांबा. आसारामनं शिल्पं बघितली, ज्ञानेश्वरीनं नंदीच्या पाठीवर हात फिरवला. पुष्पावती पिंडीपुढं इतका वेळ डोळे मिटून बसली की बाहेर मच्छिंद्रलाही हात जोडावेसे वाटले. परत नावेत बसल्यावर गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून त्यानं आपल्या ठेवणीतल्या गोष्टी काढल्या. जुनं गाव कुठं होतं, पार कुठं होता, जत्रेत कुस्त्या कुठं व्हायच्या.

"आन ते पल्याड दिसतं ना, ते माझ्या आईचं म्हायेर," त्यानं दुसऱ्या काठाकडं बोट केलं. "तवा धरन न्हवतं. माझा आजा, आईचा बाप, लाकडाच्या नावंतनं लेकीला भेटायला यायचा. लई हेकट मानूस. दिसभर ओसरीवर बसंल, गप्पा मारंल, पन लेकीच्या घरचं पानी पिनार न्हाई. म्हनं, नातवंडाचं तोंड बघंस्तोवर लेकीच्या घरचं अन्नपानी घ्यायचं नसतं."

"मग पाणी कुठलं प्यायचे ते?" पुष्पावतीनं विचारलं.

"घसा सुकला की उठायचा, खाली गंगंवर जायचा, ओंजळीनं प्यायचा आन परत येऊन बसायचा. माझ्या बारशाला पयला तांब्या पिला, आसं आई सांगती."

आसाराम हसला. "जुनी माणसं एकेक अजब." मग त्यानं तळहात कपाळावर धरून समोरच्या उथळ पाण्यात उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांची चौकशी केली, कारण नदी बघायला आलोय म्हटल्यावर एखादा तरी पक्षी विचारायला हवा होता.

जेवणाला बोरवाडीला थांबले. तिथं भीमाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रा आणि चुलीवरची बाजरीची भाकरी. भीमा मच्छिंद्रचा शाळेपासूनचा दोस्त. वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, कांदा; तिघंही पोटभर जेवली. पुष्पावतीनं ताक मागून घेतलं, वर दोन पेले माठातलं पाणी प्यायली आणि पाणी गोड आहे म्हणाली. अशी मोकळी बाई पाहून मच्छिंद्रला बरं वाटलं. इंजिनाचं पेट्रोल आणायला म्हणून तो डबा घेऊन निघाला.

परत येताना मागच्या बाजूनं आला, तर कुडापलीकडून आसारामचं खाकरणं ऐकू आलं.

"चिंचखेडच्या मच्छिंद्रचं घर कसं काय हो? खरं सांगा. लेकीचा प्रश्न आहे."

मच्छिंद्र डबा धरून तिथंच उभा राहिला. त्याला ऐकायचं नव्हतं, असं कोणी म्हणू नये. कान टवकारूनच ऐकत होता.

आता आपल्याकडं सोयरिकीत मोडता घालणं हे महापाप आणि लग्न जुळवायला शंभर वेळा खोटं बोललं तरी माफ. भीमानं त्या शंभरातली निम्मी एका दमात उरकली. "घर? आवो, आसं घर दिवा घिऊन हुडकलं तरी गावायचं न्हाई. बारा एकर बागायत. ते पान्यापल्याड हिरवंगार दिसतंय का? समदं मच्छिंद्राचं. पोराला पुन्यात कंपनीची नोकरी आलती, पन म्हातारीला कोन बघनार म्हनून त्यानं सोडली. लाखात एक पोरगं."

पल्याड खरंच हिरवं दिसत होतं. गाळातला गहू ओंब्यांवर आलेला, दुपारच्या उन्हात डोळे निवावेत असा. आणि पेरला मच्छिंद्रनंच होता, त्यात खोटं काही नव्हतं. "बारा एकर?" पुष्पावतीचा आवाज आला, आणि त्या आवाजात जी काही सैल झालेली गाठ होती ती मच्छिंद्रला कुडाबाहेर कळली.

सांगतो, त्या घटकेला त्याच्या मनात काय काय आलं नसेल. गप्प राहायचं. बस, एवढंच. त्यानं स्वतः कुठं काय सांगितलं होतं? भीमा बोलला, त्यांनी ऐकलं. लग्न होऊन जाईल, पोरगी घरात येईल, मग कोण जमीन मोजायला बसतंय. त्याला बायकोचा फोटो आठवला, भिंतीवरचा. रविराजचं खरवडणं आठवलं. आणि मग त्याला दिसलं की आषाढ-श्रावणात ही पोरगी त्याच्या ओट्यावर उभी आहे, धरण वर चढतंय, आणि ते हिरवं रान दिवसागणिक पाण्याखाली चाललंय. तेव्हा ती मच्छिंद्रकडं बघणार नाही, भीमाकडं तर नाहीच नाही. ती रविराजकडं बघेल. आणि त्या बिचाऱ्याला यातलं काही माहीत नसताना तो खाली मान घालेल.

नाव पुन्हा पाण्यात आली तेव्हा हिरवं रान अगदी समोर होतं. मच्छिंद्रनं इंजिन कमी केलं.

"सायेब, ते हिरवं दिसतंय न्हवं, ते मच्छिंद्रचं न्हाई."

आसाराम दचकला. "मच्छिंद्र तुमचंच नाव ना?"

"व्हय. म्हनून तर सांगतो. पेरलंय म्या, पन जिमीन पान्याची हाय. पानी मागं हटलं की आमी पेरतो, पानी आलं की ज्याचं त्याला. आमची सोताची वर माळाला अडीच एकर, ती बी मुरमाड. पोरगा पुन्याला कंदी गेल्ता न्हाई. बारावी झालाय. भीमा माझा दोस्त हाय, त्याचं वाईट वाटून घिऊ नका. चांगल्यासाठीच बोलला."

आसारामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडंच बघत राहिला. चोर सापडावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"तुम्हाला कधी कळलं, आम्ही कशाला आलोय ते?" शेवटी पुष्पावतीनं विचारलं.

"ताई, तुमी पान्याचं इचारलं तवाच. फिराय आलेली मानसं पानी बाटलीतलं पितात. कुठनं येतं ते इचारीत न्हाईत."

ज्ञानेश्वरीला हसू आलं, ते तिनं ओढणीत दाबलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच त्याच्याकडं वळून बोलली. "काका, गहू काढायच्या आधीच पाणी आलं तर?"

"तर त्या वरसाचा गहू गंगंचा."

"मग काय करता?"

"पुढल्या वरसी परत पेरतो." ती मान हलवून पुन्हा पुढं बघायला लागली.

"आता आलोच आहोत तर घर बघूनच जाऊ," आसाराम म्हणाला. ते मन राखायला म्हटलं की खरंच, हे मच्छिंद्रला कळलं नाही. त्याच्या तोंडची चव गेली होती, पण छातीवरचं ओझंही उतरलं होतं.

गाळाच्या कडेला रविराज गुडघाभर चिखलात उभा होता. पाणी मागं हटत जातं तशी मोटर त्याच्या मागं मागं खाली सरकवावी लागते, पाईप जोडत जावे लागतात. तेच चाललं होतं. अंगात फाटकी बनियन, तोंडावर चिखलाचे शिंतोडे. मुलीवाल्यांना मुलगा दाखवायची ही काय तऱ्हा झाली, सांगा. रविराजला बिचाऱ्याला वाटलं, बाबांचं नेहमीचं गिऱ्हाईक. नाव टेकली तशी त्यानं खांद्यावरचा पाईप टाकला, एक फळी आणून चिखलावर आडवी केली आणि ज्ञानेश्वरीपुढं हात करून म्हणाला, "इकडनं पाय टाका, ताई. तिकडं पाय रुतंल."

ताई.

मच्छिंद्रनं डोळेच मिटले. जमिनीचं एक वेळ माणूस सोडून देईल, पण जी बघायला आलीय तिलाच भावानं बहिणीला म्हणावं तसं ताई म्हटल्यावर राहिलं काय? आसारामला खोकल्याची उबळ आली. ज्ञानेश्वरी मात्र शांतपणे फळीवर पाय ठेवून उतरली, गव्हात दोन पावलं आत गेली, एक ओंबी तोडून तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकले. मग तिनं रविराजला विचारलं, मोटर दर वेळी एकट्यानं सरकवता का. तो म्हणाला, "एकट्यानंच. सवय झालीय." एवढंच बोलणं झालं. तो परत पाईपला भिडला, आणि नावेत येऊन बसेपर्यंत तिनं दोनदा मागं वळून बघितलं. हे पुष्पावतीनं पाहिलं. मच्छिंद्रचं तिकडं लक्षच नव्हतं.

घरी बनुबाई ओट्यावर सुपात गहू पाखडत होती. मच्छिंद्रनं नुसतं म्हटलं, "आई, देवळालीचे पाव्हणे," आणि म्हातारी काय समजायचं ते समजली. सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात देत ती उठली. सतरंजी टाकली. मायलेकींना हळदीकुंकू लावलं. वाटीत गूळ आणि ताटात पाण्याचे तीन पेले घेऊन आली.

ज्ञानेश्वरीनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पेलाभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. आसारामनंही सवयीनं पेला उचलला. तेवढ्यात पुष्पावतीनं त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. आसारामनं पेला परत ताटात ठेवला आणि उगाच हात पँटला पुसला.

"मला नको, मावशी," पुष्पावती हात जोडून म्हणाली. "तहान नाही."

तहान नाही! बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाईच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळत होतं, ओठ सुकले होते.

"च्या टाकू का?" बनुबाईनं विचारलं.

"नको. गूळसुद्धा नको. उशीर होतोय."

पुष्पावती उठून घरभर फिरली. स्वयंपाकघर बघितलं, माठावरचं झाकण उचलून बघितलं, मागचं दार उघडून बघितलं, मच्छिंद्रच्या बायकोच्या फोटोपुढं घटकाभर थांबली. मच्छिंद्र दारात खांबासारखा उभा होता. घरात आलेला माणूस पाण्यालाही न शिवता जातो, याचा अर्थ त्याला कोणी फोड करून सांगायची गरज नव्हती. भीमाकडं दोन दोन पेले प्यायलेली बाई. आधी आलेल्यांनी निदान पोहे तरी खाल्ले होते. आणखी एक गोष्ट त्याला खुपली. दारात आलेल्या कुत्र्यालाही भाकरीचा तुकडा घातल्याशिवाय न सोडणाऱ्या त्याच्या आईनं एका शब्दानं आग्रह केला नव्हता. भरलेले दोन पेले तिनं मुकाट आत नेऊन ठेवले.

परतीच्या वाटेवर ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. मच्छिंद्र सुकाणूपाशी बसून काठाकडं बघत होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं. खरं बोलल्याचा पस्तावा होत होता का? होत होता. देवमाणूस नव्हता तो. भीमाच्या शब्दावर पडदा टाकला असता तर काय बिघडलं असतं, हा किडा डोकं पोखरत होता. रविराजला आता काय सांगायचं? काहीच नाही. त्याला माहीतच नाही म्हटल्यावर त्याला कशाला दुखवायचं. हे एक आपण एकट्यानं गिळायचं, असं त्यानं ठरवलं.

नाव मधल्या खोल पाण्यात आली, चिंचखेड मागं पडलं, तेव्हा पुष्पावतीनं हात वर केला. "जरा थांबवता का?"

मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं. त्याला वाटलं, काही पडलं बिडलं पाण्यात. नाव आपल्या वेगानं थोडी पुढं गेली आणि डुलत उभी राहिली. पुष्पावतीनं बांगड्या मागं सारल्या, कडेला वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ गंगेत बुडवली. ती प्यायली. पुन्हा बुडवली, पुन्हा प्यायली. उन्हातून घरी आलेली गाय पिते तशी, मान वर न करता.

"आई, पिशवीत बाटली आहे ना," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"राहू दे बाटली."

मग आसारामही टोपी काढून तिच्याच कडेला वाकला. नाव कलली, मच्छिंद्रनं उलट्या बाजूला जाऊन तोल सांभाळला. सकाळी याच पाण्यावर आपण काय सांगत होतो, ते त्याला आठवलं. ओसरीवर दिवसभर बसणारा आणि घसा सुकला की खाली गंगेवर जाणारा तो हेकट आजा आठवला. मुकाट पेले आत नेणारी आई आठवली. अजून सुपारी फुटलेली नाही, याद्या नाहीत, मुहूर्त नाही, पोरानं तर ताई म्हटलेलं. आणि ही बाई इतकी तहानलेली असून त्याच्या घरचं पाणी प्यायली नाही.

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या त्यानं पुसल्या नाहीत, कारण पुसायचा गमछा बाकाखाली होता.

पुष्पावतीनं पदरानं तोंड टिपलं. सकाळपासून ती त्याला दादा म्हणत होती.

"लई तहान लागली होती," ती म्हणाली. "चला आता, पाव्हणं."

मच्छिंद्रनं दोरी ओढली. इंजिन लागलं नाही. परत ओढली, तरी नाही. पुढच्या टोकाला बसलेली ज्ञानेश्वरी मागं न वळता, पाण्याकडं बघतच म्हणाली, "आणि काका, घरी गेल्यावर त्यांना सांगा, मला ताई म्हणायचं नाही."